पेणच्या गणेशमूर्ती व्यवसायातील हंगामी कलाकाम आणि मालकी

नोकरी न करता नगावर किंवा कामावर मोबदला घेऊन आपली कला विकणाऱ्या माणसाने वर्षानुवर्षे टिकणारी मालमत्ता कशी उभी करावी, हा कलाव्यवसायातील जुना प्रश्न आहे. चित्रकार, छायाचित्रकार, गीतकार, नेपथ्यकार अशा सर्वांपुढे तो असतो. रायगड जिल्ह्यातील पेण शहर आणि परिसरातील गणेशमूर्ती व्यवसायात तो विशेष ठळकपणे दिसतो, कारण येथे एकाच मूर्तीवर मालकाचा आणि केवळ मजुरी मिळवणाऱ्याचा असे दोन्ही हात फिरलेले असतात. या व्यवसायात मालमत्ता म्हणजे मुख्यतः चार गोष्टी: साचे, कारखान्याची जागा, ग्राहकांची वही आणि नाव. मूर्ती स्वतः मालमत्ता ठरत नाही. ती दरवर्षी विकली जाते आणि विसर्जित होते.

पार्श्वभूमी

पेणमध्ये गणेशमूर्ती घडवण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सांगितली जाते आणि तिच्या आरंभाशी देवधर घराण्याचे नाव जोडले जाते. १८९३ नंतर सार्वजनिक गणेशोत्सवाचा प्रसार झाला, मुंबईची वस्ती वाढली आणि मूर्तींची मागणीही वाढली. मुंबईला जवळ असणे ही पेणची मोठी जमेची बाजू होती. पेण शहराला लागून असलेली रामवाडी मुंबई–गोवा महामार्गावर आहे. एसटीचे बसस्थानकही तेथे आहे. मूर्तींनी भरलेले टेम्पो आणि ट्रक याच महामार्गाने पनवेल, ठाणे व मुंबईकडे जातात. या रस्त्याची अवस्था मूर्तिकारांच्या नफ्यातोट्याशी थेट निगडित असते, कारण वाटेत तुटलेल्या सोंडेची किंवा बोटाची भरपाई बहुधा कारखानदारालाच करावी लागते.

शहरात रंगकाम व आखणीची परंपरा बळकट आहे. हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या आसपासच्या गावांत कच्च्या, म्हणजे न रंगवलेल्या, मूर्ती मोठ्या प्रमाणावर तयार होतात आणि राज्यातील इतर जिल्ह्यांतले व्यापारी त्या घेऊन जाऊन आपल्या गावी रंगवतात. परदेशी जाणाऱ्या मूर्ती बोटीने पाठवायच्या असल्याने उत्सवाच्या कितीतरी आधी रवाना होतात.

कामाची विभागणी

एक मूर्ती अनेक हातांतून जाते. प्रथम शिल्पकार मातीत मूळ मूर्ती घडवतो. तिला व्यवसायात ‘मॉडेल’ म्हणतात. मॉडेलवरून साचा काढला जातो. पूर्वी प्लॅस्टरचे तुकड्यातुकड्यांचे साचे प्रचलित होते. नंतर रबरी साचे आले आणि दागिन्यांची बारीक नक्षीही साच्यातून जशीच्या तशी उतरू लागली. साच्यातून निघालेल्या मूर्तीचे सांधे घासणे, कोपरे साफ करणे, अस्तराचा रंग देणे, अंगाचा रंग फवारणे, पितांबर व शेला रंगवणे, दागिन्यांवर सोनेरी रंग चढवणे आणि शेवटी डोळ्यांची आखणी करणे अशी ही कामे आहेत. घासकाम आणि किरकोळ रंगकामात स्त्रियांचा वाटा मोठा असून त्यातील काही काम घरी नेऊनही केले जाते.

या साखळीत सर्वाधिक मान आखणी करणाऱ्याला असतो. डोळ्यांच्या दोन रेषांवर मूर्तीचा भाव अवलंबून असतो आणि ते काम सर्वांना जमत नाही. श्रावणात चांगल्या आखणीकाराला एकाच वेळी दोन-तीन कारखान्यांतून बोलावणे येते. तरीही उत्पन्नाच्या दृष्टीने त्याचे स्थान नाजूक आहे. त्याचा मोबदला हाताच्या वेगाशी बांधलेला असतो आणि दिवसाच्या तासांना मर्यादा आहे. डोळे अधू झाले किंवा हात थरथरू लागला की त्याची मिळकत थांबते. त्याने आखलेल्या हजारो मूर्तींपैकी एकीवरही त्याचा पुढे काही हक्क राहत नाही. साचा मात्र मालक आजारी असतानाही मूर्ती देत राहतो. पेणमधील कारागीर आणि कारखानदार यांच्यातील आर्थिक अंतर बव्हंशी या एका फरकातून निर्माण झाले आहे. दोघांच्या कौशल्यात तेवढे अंतर असतेच असे नाही.

मॉडेल, साचा आणि मोबदला

स्वतंत्रपणे काम करणारा शिल्पकार सामान्यतः मॉडेलसाठी एकरकमी मोबदला घेतो आणि त्याचा संबंध तेथे संपतो. याऐवजी थोडी रक्कम आधी आणि पुढे प्रत्येक नगावर ठरावीक वाटा, असाही व्यवहार करता येतो. दोहोंतील फरक एका कल्पित उदाहरणाने पाहता येईल. समजा, एका मॉडेलचे एकरकमी २५,००० रुपये मिळतात. दुसऱ्या पर्यायात आधी १०,००० रुपये आणि प्रत्येक मूर्तीमागे ६ रुपये ठरले. वर्षाला ५०० मूर्ती निघाल्या, तर नगांच्या वाट्याचे वर्षाला ३,००० रुपये आणि सहा वर्षांत १८,००० रुपये होतात. एकूण रक्कम २८,००० रुपये.

फरक अवघा ३,००० रुपयांचा आहे आणि तोही सहा वर्षे थांबून. मॉडेल बाजारात चालले नाही तर शिल्पकाराचे नुकसानच होते. वाट्याची पद्धत सरसकट फायद्याची असते हा समज त्यामुळे बरोबर नाही. तिचा उपयोग एका मॉडेलपुरता फारसा जाणवत नाही, संख्या वाढल्यावर जाणवतो. अशी दहा मॉडेले चालू असली, तर नवे काम न करताही वर्षाला ३०,००० रुपये येतात. आजारपणाच्या वर्षी त्यांचे मोल वेगळेच असते. दुसरी अडचण मोजणीची आहे. किती नग निघाले हे कारखानदारच सांगू शकतो, आणि लेखी हिशेब ठेवण्याची सवय या व्यवसायात सर्वत्र नाही. त्यामुळे काही शिल्पकार तिसरा मार्ग घेतात: मॉडेलच्या मोबदल्याचा काही भाग साच्याच्या एका प्रतीच्या रूपाने मागून घेतात आणि त्या साच्यातून घरच्या ओसरीवर थोड्या मूर्ती स्वतः काढतात. अनेक लहान चित्रशाळांची सुरुवात अशाच दोन-चार साच्यांवर होते.

कायद्यातील स्थिती

भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७ अनुसार शिल्प ही कलाकृती आहे आणि तिचा प्रथम मालक सामान्यतः तिचा कर्ता असतो. मात्र कलम १७ मध्ये याला अपवाद आहेत. कर्ता पगारी नोकर किंवा शिकाऊ असेल आणि कृती त्या कामाच्या ओघात झाली असेल, तर वेगळा करार नसल्यास हक्क मालकाकडे जातो. पैसे देऊन करून घेतलेले रंगचित्र, व्यक्तिचित्र किंवा छायाचित्र यांचा हक्कही, वेगळा करार नसल्यास, काम सांगणाऱ्याकडे जातो. या दुसऱ्या अपवादाच्या यादीत शिल्पाचा उल्लेख नाही. म्हणजे कारखान्याचा नोकर नसलेल्या शिल्पकाराने मोबदला घेऊन मॉडेल करून दिले, तरी केवळ तेवढ्याने त्याचा हक्क कारखानदाराकडे जात नाही. त्यासाठी कलम १९ प्रमाणे लेखी व सही केलेले हस्तांतरण लागते. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. मॉडेल दिले म्हणजे सर्व दिले, अशी समजूत रूढ असल्याने ही तरतूद सहसा वापरली जात नाही.

ही तरतूद पाहून फार हुरळून जाण्याचेही कारण नाही. त्याच अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे, नोंदणीयोग्य असूनही नोंदणी न केलेल्या डिझाइनच्या वस्तूच्या औद्योगिक पद्धतीने पन्नासपेक्षा जास्त प्रती मालकाने किंवा त्याच्या परवानगीने काढल्या गेल्या की त्या डिझाइनमधील कॉपीराइट संपतो. साच्यातून निघणारी मूर्ती शिल्प मानायची की डिझाइन, या सीमेवर वाद होऊ शकतो. डिझाइन अधिनियम, २००० खाली नोंदणी केल्यास दहा वर्षे आणि वाढवून आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते. पण नवे डिझाइन बाजारात येण्यापूर्वी अर्ज करावा लागतो.

शिवाय गणपतीचे रूप ही परंपरेने सर्वांना दिलेली गोष्ट आहे. चतुर्भुज, लंबोदर, एकदंत यांवर कोणाची मालकी असू शकत नाही; संरक्षण मिळालेच तर ते बैठकीतील, आभूषणांतील, चेहऱ्यातील नव्या रचनेला. पेणच्या बाजारात ‘लालबाग’, ‘दगडूशेठ’, ‘टिटवाळा’ या नावांनी मूर्ती मागितल्या व विकल्या जातात. दुसऱ्याने नक्कल केली म्हणून रागावणारा कारखानदार स्वतःही कोणत्या तरी गाजलेल्या मूर्तीच्या धर्तीवर काम करत असतो. मूर्ती विकत घेऊन तिच्यावरूनच साचा काढणे हा प्रकार सर्वपरिचित आहे आणि त्यावर बहुतेकांनी शोधलेला उपाय न्यायालयाचा नाही: दरवर्षी काही नवी मॉडेले बाजारात आणायची.

गावाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या वस्तूंसाठी भौगोलिक निर्देशन अधिनियम, १९९९ आहे. हा हक्क व्यक्तीचा नसून उत्पादकांच्या समूहाचा असतो आणि तो विकता किंवा गहाण ठेवता येत नाही. वारली चित्रकला, पैठणी आणि कोल्हापुरी चप्पल यांची अशी नोंदणी झालेली आहे. २०२५ मध्ये इटलीतील प्राडा या कंपनीने कोल्हापुरी धर्तीच्या चपला प्रदर्शनात मांडल्यावर झालेल्या वादातून हेही दिसले, की नोंदणीमुळे नाव राखण्यासाठी आधार मिळतो, कारागिराच्या हाती आपोआप पैसा येत नाही.

हंगाम, उचल आणि बचत

मूर्ती व्यवसायात खर्च वर्षभर आणि वसुली दोन महिन्यांत असते. दसरा-दिवाळीनंतर कच्च्या मूर्तींचे काम सुरू होते. शाडू माती गुजरातमधून आणावी लागते, प्लॅस्टर, काथ्या, रबर व रंग खरेदी करावे लागतात. व्यापारी नोंदणीच्या वेळी थोडी रक्कम देतात आणि उरलेली आषाढ-श्रावणात. माघी गणेशजयंतीची मागणी या लांब पट्ट्यात थोडा आधार देते. मधल्या काळात कारखानदार कर्ज काढतो आणि कारागीर कारखानदाराकडून उचल घेतो. उचल ही कारागिराची सोय असते आणि बेडीही. ती फिटेपर्यंत त्याला दुसरीकडे जास्त दर मिळत असला तरी जाता येत नाही. ज्याच्या हाती दोन-तीन महिन्यांच्या घरखर्चाइतकी शिल्लक असते, तो दर ठरवताना थांबू शकतो. या दृष्टीने कारागिराची पहिली मालमत्ता साचा नसून ही शिल्लक आहे.

बँकेकडून कर्ज घेताना जागेचा उतारा मागितला जातो. कौशल्य तारण ठेवता येत नाही. केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांमध्ये मूर्तिकारांचाही समावेश आहे. तीत अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि दोन टप्प्यांत तीन लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज ५ टक्के व्याजाने मिळू शकते. दीर्घ मुदतीच्या बचतीसाठी सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी हंगामी कमाईला जुळतो, कारण वर्षातून एकदाच रक्कम भरली तरी चालते आणि किमान भरणा ५०० रुपये आहे. त्याची मुदत १५ वर्षांची असून त्यातील रकमेवर न्यायालयीन जप्ती येत नाही. व्यवसायात कर्ज असणाऱ्याला ही गोष्ट महत्त्वाची असते.

स्थानिक बचतीचा विचार पेणमध्ये एका कटू अनुभवाच्या छायेत होतो. पेण को-ऑपरेटिव्ह अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१० मध्ये निर्बंध घातले, पुढे २०१४ मध्ये तिचा परवाना रद्द झाला आणि ठेवीदारांचे पैसे दीर्घकाळ अडकले. त्या वेळी ठेव विम्याची मर्यादा एक लाख रुपये होती. फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख रुपये झाली आणि २०२१ च्या दुरुस्तीनुसार निर्बंध आलेल्या बँकेच्या ठेवीदाराला विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळण्याची तरतूद झाली. ही मर्यादा एका बँकेतील एका ठेवीदाराच्या सर्व ठेवींना मिळून असते, शाखेगणिक नसते.

साच्यांचे मूल्य घटणे

साचा टिकाऊ असला तरी त्याचे मूल्य टिकाऊ असतेच असे नाही. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे राज्य सरकारने सार्वजनिक मूर्तींना चार फूट आणि घरगुती मूर्तींना दोन फूट अशी उंचीची मर्यादा घातली, तेव्हा मोठ्या मूर्तींचे साचे वर्षभर पडून राहिले. ज्याचे सर्व भांडवल मोठ्या साच्यांत होते त्याला फटका अधिक बसला.

प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा वाद याहून खोल आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्ती विसर्जनाबाबत २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि मे २०२० मध्ये सुधारित सूचनांत प्लॅस्टरच्या मूर्तींना मनाई केली. मुंबई उच्च न्यायालयाने ३० जानेवारी २०२५ रोजी मनाईची काटेकोर अंमलबजावणी करण्यास सांगितले; त्यानंतर ९ जून २०२५ रोजी अशा मूर्ती घडवण्यास व विकण्यास मुभा दिली, मात्र नैसर्गिक जलस्रोतांत त्यांचे विसर्जन न्यायालयाच्या परवानगीशिवाय करू नये असे बजावले. ९ जूनला हंगाम बहुतेक संपत आलेला असतो. जानेवारी ते जून या काळात ज्यांनी काम थांबवले आणि ज्यांनी धोका पत्करून चालू ठेवले, त्यांच्या त्या वर्षीच्या हिशेबात मोठा फरक पडणे अपरिहार्य होते.

प्लॅस्टरसाठी केलेला प्रत्येक साचा शाडूला चालत नाही. शाडूची मूर्ती जड, ठिसूळ आणि सुकायला वेळ घेणारी असते. अधांतरी हात, पातळ कमान, पुढे झेपावणारी मुद्रा तिला पेलत नाही. शाडूकडे वळायचे तर मॉडेलेच नव्याने घडवावी लागतात, आणि त्यामुळे स्वतंत्र शिल्पकारांना काम मिळते. साच्यांच्या मालकाला जो धोका आहे तीच मॉडेल घडवणाऱ्याला संधी ठरू शकते; ही उलटापालट या व्यवसायाच्या चर्चेत फारशी लक्षात घेतली जात नाही.

इतर कलाव्यवसायांतील उदाहरणे

कलावंतांनी मजुरीऐवजी मालकीचा मार्ग धरल्याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे प्रभात फिल्म कंपनी. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत काम शिकलेले विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर आणि व्ही. शांताराम यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह १९२९ मध्ये कोल्हापुरात ही संस्था भागीदारीत स्थापन केली. भांडवल आणि कौशल्य यांची सांगड भागीदारीच्या लेखात घातली गेल्याने कलावंत स्वतःच मालक झाले. त्याची किंमतही होती: भागीदारांतील मतभेद थेट निर्मितीवर परिणाम करू लागले. शांताराम १९४२ मध्ये बाहेर पडले.

राजा रवि वर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाप्रेस सुरू केला, तो आपली चित्रे स्वतः छापता यावीत म्हणून. छापण्याचे दगड हे त्या व्यवसायातील साचेच होते. चित्रांना मागणी अफाट असूनही छापखाना चालवणे त्यांना जड गेले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. चांगला चित्रकार चांगला कारखानदार असेलच असे नाही, हे त्यातून दिसते. चित्रपटगीतांच्या बाबतीत २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि चित्रपटगृहाबाहेरच्या वापरावरील मानधनाचा वाटा गीतकार व संगीतकारांना सोडून देता येणार नाही असे ठरले. साच्यासाठी मॉडेल घडवणाऱ्या शिल्पकाराला असे कवच नाही.

कलेसाठी उरणारा वेळ

पेणमध्ये कारागिराचा कारखानदार होतो तेव्हा त्याचा दिवस बदलतो. उचलींचा हिशेब, व्यापाऱ्यांचे फोन, पावसात गळणारे छप्पर, मजुरांची जमवाजमव यांत हात मातीपासून दुरावतो. काहींनी यावर वर्षाची वाटणी हा उपाय योजला आहे. उत्सव संपल्यापासून दिवाळीपर्यंतचे आठवडे नव्या मॉडेलांसाठी राखून ठेवायचे, मुख्य आखणी स्वतः करायची आणि बाकी सर्व कामे इतरांकडे सोपवायची. नात्यातील कोणी हिशेब सांभाळणारे असेल तर हे साधते. भाड्याच्या शेडमध्ये ते अवघड होते, कारण रिकाम्या महिन्यांचेही भाडे चालूच असते. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि त्याच वर्षी पेण, पनवेल व उरण तालुक्यांतील १२४ गावांसाठी नव्या नगराच्या विकासाची अधिसूचना निघाली. त्यामुळे या भागात जागेचा प्रश्न अधिक तीव्र झाला आहे.

घरात वाटणी होते तेव्हा कोणती गोष्ट मालमत्ता होती ते कळते. साचे मोजून वाटले जातात, एकाच मॉडेलच्या साच्याच्या दोन प्रती काढून दोघा भावांना दिल्या जातात. ग्राहकांच्या वहीची नक्कल केली जाते आणि पुढील हंगामात एकाच व्यापाऱ्याला दोन ठिकाणांहून फोन जातात. नावाची वाटणी होत नाही. तेच आडनाव दोन फलकांवर येते आणि एकावर ‘मूळ’ असा शब्द वाढतो. त्या कारखान्यात तीस वर्षे डोळे आखणाऱ्या कारागिराचे नाव वाटणीपत्रात कोठेही नसते, आणि नव्या हंगामात दोघेही भाऊ त्याला निरोप पाठवतात.